अ‍ॅलॉय व्हीलचा 'कॅन्सर', जांभळं पाणी आणि माझे २१,७८८ रुपये

रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटपाशी 'अ‍ॅलॉय व्हील फ्री चेकअप' असं लिहिलेलं टेबल दिसलं, तर आधी हे वाचा आणि मग खाली उतरा. आम्ही वाकडला राहतो. माझे थेट ६,४८८ रुपये गेले आणि त्यापायी झालेलं नुकसान धरलं तर २१,७८८. हिशोब पुढे देतोय, कारण 'किती गेले रे?' हा प्रश्न प्रत्येकजण आधी विचारतो आणि मग हसतो.

प्रकार तुम्हाला नवा नाही. आधी फुकट डेमो, मग घाबरवणं, मग 'आजच्यापुरतीच' ऑफर. वॉटर प्युरिफायरवाले ग्लासात दोन तारा सोडून पाणी तपकिरी करून दाखवायचे आणि 'हे तुम्ही पिता' म्हणायचे, त्याच घराण्यातला हा. फक्त इथं पाणी जांभळं होतं.

दसऱ्याआधीचा रविवार. खंडेनवमी-दसऱ्याच्या तोंडावर पार्किंगमध्ये काय वातावरण असतं ते सांगायला नको. जो तो बादली आणि फडकं घेऊन गाडीभोवती. टेबलामागे दोन पोरं, टापटीप टी-शर्ट, गळ्यात आयकार्ड. एकानं माझ्या गाडीच्या पुढच्या व्हीलवर पारदर्शक स्प्रे मारला. मिनिटभरात रिमवरून जांभळे ओघळ उतरायला लागले, अगदी गडद, जखमेतून यावेत तसे. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीनं "बाबा, रक्त!" म्हटलं. पोरगा लगेच म्हणाला, "सर, याला आम्ही व्हीलचा कॅन्सर म्हणतो. आतून गंज खातोय. सहा महिन्यांत क्रॅक. हायवेला शंभरच्या स्पीडला असाल तर विचार करा."

मग त्यानं दुसऱ्या बाजूचं पुढचं व्हील धरलं. तेही जांभळं. शेजाऱ्यांची गाडी, पुढचं व्हील. जांभळं. बघा, म्हणाला, पार्किंगमधल्या सगळ्याच गाड्यांना लागलंय.

आता खरी गोष्ट सांगतो. तो स्प्रे म्हणजे साधा आयर्न रिमूव्हर. ब्रेक लावला की बिडाची डिस्क आणि ब्रेक पॅड घासले जातात, त्यातून लोखंडाची बारीक पूड उडते आणि तापलेली असतानाच व्हीलच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, चिकटून बसते. स्प्रेमधल्या थायोग्लायकोलेट नावाच्या रसायनाचा लोखंडाशी संयोग झाला की रंग जांभळा होतो. बस्स. रंग त्या पुडीचा आहे, व्हीलला काहीही झालेलं नसतं. कालपरवा शोरूममधून आणलेली गाडी एकदा सिंहगड उतरवून आणा, तिचंही व्हील जांभळं होईल. त्याला जो घाण वास येतो तोही याच रसायनाचा. केस काढायच्या क्रीममध्ये हेच कुटुंब असतं म्हणून वास ओळखीचा वाटतो.

आणि मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. भोसरीत क्वालिटीमध्ये काम करतो. अ‍ॅलॉय व्हील अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही हे मला कुणी शिकवायची गरज आहे का? पण ते सोडा. मला रात्री झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. त्या पोरानं मागच्या व्हीलला हातच लावला नाही. एकाही गाडीच्या नाही! आमच्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क असतात आणि मागे ड्रम. ड्रम ब्रेकची पूड बरीचशी आतच राहते, त्यामुळे मागच्या रिमवर स्प्रे मारला असता तर फिकट रेघा उमटल्या असत्या आणि कॅन्सर तिथल्या तिथे बरा झाला असता. चारही व्हील एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी गाडीला लागलेली. आजार असलाच तर फक्त पुढच्या दोघांना कसा? हा प्रश्न मी विचारायचा होता. "जरा मागच्याला मार" एवढे तीन शब्द. मी मागच्या चाकाला टेकून चहा पीत उभा होतो.

बरं, लोक म्हणतात तुला कळायला नको का. सोपं आहे बोलायला. समोर मुलगी घाबरलेली, बायको वरून गॅलरीतून विचारतेय "अहो, काय झालं?", आजूबाजूला पंधरा माणसं, आणि त्यात आमचे सेक्रेटरीसाहेब सगळ्यांच्या आधी टेबलावर जाऊन बसलेले. त्यांच्या चारही व्हीलचं काम चालू होतं. सेक्रेटरींनी पॅकेज घेतलंय म्हटल्यावर, माणूस चौकशी करूनच बसला असेल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही पाकीट काढलं असतं.

पॅकेज असं: 'होम व्हील केअर किट' आणि वर्षभर दर तीन महिन्यांनी घरी येऊन सर्व्हिस. किंमत ५,४९९, त्यावर १८ टक्के जीएसटी ९८९ रुपये ८२ पैसे, एकूण ६,४८८.८२. वरचे ८२ पैसे त्यानं सोडले. मोठा दिलदार! क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, कुठल्यातरी व्यक्तीचं. विचारलं तर म्हणे "ते आमच्या अकाउंट्सच्या मॅडमचं आहे, कंपनीचं लिमिट संपलंय." यूपीआयच्या स्क्रीनवर जे नाव दिसतं त्यालाच पैसे जातात. पावतीवरचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव वेगळं असेल तर तिथंच थांबा. पावतीवर जीएसटी नंबरही होता. छापील, ठसठशीत, २७ पासून सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. घरी येऊन मोजला तर तेरा अक्षरं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की दुकानाचं नाव येतं, फोनवरच होतं, मिनिटही लागत नाही. हे पैसे देण्याआधी करायचं असतं.

इथपर्यंतच असतं तर मी हे लिहिलंही नसतं. सहा-साडेसहा हजार गेले, धडा म्हणून सोडून दिले असते. पण किटमध्ये बाटल्या दोन होत्या. एक जांभळ्या जादूची. दुसरी पांढरी, तिच्यावर फक्त 'डीप क्लीन' असं स्टिकर. आत काय आहे, कुणी बनवलं, कधी बनवलं, काही नाही. पोरानं सांगितलं होतं, "गाडी चालवून आलात की लगेच मारा. गरम व्हीलवर काम छान होतं. दहा मिनिटं ठेवा." यातला प्रत्येक शब्द उलटा आहे. व्हील हाताला गार लागल्याशिवाय त्यावर कुठलंही रसायन मारायचं नसतं, सावलीत करायचं असतं, आणि ते रिमवर वाळू द्यायचं नसतं.

खंडेनवमीला कामानिमित्त साताऱ्याला जाऊन आलो. आल्या आल्या पार्किंगमध्ये बाटली उघडली. झाकण काढताच नाकात झोंबलं. मला वाटलं, स्ट्राँग आहे, म्हणजे चांगलं असणार. व्हीलवर मारलं तर बारीक फेस यायला लागला. नळाखाली फरशीवर जे ओघळलं त्यानं शहाबादी फरशीही फसफसायला लागली. तेवढ्यात शेजारच्यांकडे काम करणाऱ्या मावशी लिफ्टकडे चालल्या होत्या. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "दादा, ह्यो तर संडासाचा अ‍ॅसिड हाय. गाडीला कशाला लावताय?" मावशींना वासावरून कळलं. डिप्लोमावाल्याला नाही.

धावत जाऊन पाणी मारलं, पण व्हील गरम असल्यामुळे ते आधीच जागच्या जागी वाळलं होतं. पाणी सुकल्यावर दिसलं ते असं: माझे व्हील डायमंड कट, म्हणजे पुढचा चकचकीत भाग लेथवर कापलेला असतो आणि त्या उघड्या धातूवर फक्त पारदर्शक लॅकरचा थर. त्या थरावर दुधाळ पांढरे डाग पडलेले, स्पोकच्या कडेला नखानं ओरखडलं तर पापुद्रा निघतोय. नट काळवंडलेले. डिस्कवर सकाळपर्यंत नारिंगी गंज चढला. तो दोनचार ब्रेक मारल्यावर गेला, डाग गेले नाहीत. दसऱ्याला त्याच व्हीलना झेंडूची माळ घालून पूजा केली. सासूबाईंनी विचारलं, "यावर चुना सांडला का?"

शोरूमनं पाहताक्षणी सांगितलं, बाहेरचं केमिकल लागलंय, वॉरंटीत नाही. नवीन चार घ्यायचे तर चाळीस हजारांच्या पुढे. शेवटी एका अ‍ॅलॉय रिपेअरवाल्याकडे व्हील पुन्हा लेथवर लावून लॅकर मारून घेतलं, एका व्हीलचे ३,२०० म्हणजे १२,८००. टायर काढ-घाल आणि बॅलन्सिंग १,०००. आणि सोसायटीच्या दोन फरशांवर पांढरे चट्टे पडले म्हणून कमिटीनं मला नोटीस दिली, १,५०० रुपये. ज्या कमिटीनं टेबल लावायला परवानगी दिली, त्या टेबलाचं भाडं घेतलं, तीच मला फरशीचे पैसे मागते! विचारायला गेलो तर उत्तर: "आम्ही फक्त जागा दिली. व्यवहार तुमचा वैयक्तिक." त्या माणसांचं ओळखपत्र, पत्ता, काहीतरी घेऊन ठेवलं असेल ना? नाही. रजिस्टरमध्ये एक मोबाइल नंबर, तो बंद. माझ्या बहिणीला भेटायला यायचं तर वॉचमन गेटवर फोटो काढतो, आणि यांना सतरंजी अंथरून दिली.

चौकीत गेलो. आधी बसवून ठेवलं. मग हवालदारसाहेब म्हणाले, "जबरदस्ती केली का तुमच्यावर? नाही ना? तुम्ही स्वतः पैसे दिले, वस्तू घेतली. हे दिवाणी आहे." मी म्हटलं, खोटा जीएसटी नंबर छापून पैसे घेतले, अ‍ॅसिडची बाटली क्लीनर म्हणून विकली, ही फसवणूक नाही? पूर्वीचं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, तेही सांगितलं. त्यावर "वकील आहात का?" शेवटी अर्ज घेतला. पोच मागितली तर म्हणे शिक्का साहेबांकडे आणि साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी गेलो तर कालचा अर्ज कुणी घेतला तेच कुणाला माहीत नाही. पुन्हा लिहिला. बाटली घेऊन गेलो होतो, तर "ही इथं ठेवू नका, वास येतो" म्हणून परत दिली. पुरावा माझ्या बाल्कनीत आहे.

बँकेत गेलो. "सर, पिन तुम्हीच टाकलाय." बरोबर आहे, मीच टाकलाय. मग ज्याच्या खात्यात गेले त्याचं नाव तरी कळवा. "गोपनीयता." चोराची गोपनीयता! एका हेल्पलाइनवर पंधरा मिनिटं गाणं ऐकल्यावर बाईंनी विचारलं, कंपनीचा नोंदणीकृत पत्ता सांगा. पत्ता असता तर मी हेल्पलाइनला कशाला फोन केला असता, मीच गेलो असतो ना तिथं. पत्ता नसेल तर तक्रार 'अपूर्ण' म्हणून बंद. बंद झाल्याचा मेसेज मात्र तत्परतेनं आला, वर सेवेला किती स्टार द्याल म्हणून लिंक.

तुमच्याबाबत असं झालं तर माझ्यासारखा आठवडा दवडू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंत दिलेल्या पैशांच्या प्रकरणाला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतोच, म्हणून विकणाऱ्याचा फोटो, गाडीचा नंबर, ओळखपत्र हे सगळं डेमोच्या वेळीच टिपून घ्या. ज्याला काही लपवायचं नाही तो फोटोला नाही म्हणत नाही.

आणि व्हील धुवायला यातलं काहीही लागत नाही, हे जास्त झोंबतं. गार व्हील, आधी भरपूर पाणी, मग कार शॅम्पू आणि मऊ ब्रश, एक व्हील पूर्ण धुवून झालं की मगच दुसरं. व्हीलची बादली आणि फडकं वेगळं ठेवा, ब्रेकची पूड बॉनेटवर घासलीत तर ओरखडे पडतील. आयर्न रिमूव्हर खरोखर चांगली वस्तू आहे, नावाजलेल्या कंपनीची बाटली पाचशे-सातशेत मिळते, वर्षातून दोनतीनदा वापरली तरी पुष्कळ. आतल्या बाजूला चिकटवलेली शिशासारखी वजनं दिसतील, ती घाण समजून खरवडू नका, बॅलन्सिंग जाईल आणि स्टिअरिंग थरथरेल. टायर पॉलिश टायरच्या बाजूलाच, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला नाही आणि डिस्कला तर अजिबात नाही. व्हील काढून बसवलं असेल तर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या. आणि संडासाचं अ‍ॅसिड नि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच करू नका, विषारी वायू होतो. हे व्हीलसाठी नाही, घरासाठी सांगतोय.

सोसायटीतल्या आणखी तिघांनी तेच पॅकेज घेतलं होतं. दोघांनी सुदैवानं पांढरी बाटली उघडलीच नाही. सगळ्यांच्या पावत्यांवर तोच तेरा अक्षरी नंबर. आम्ही चौघं मिळून एकत्र तक्रार करतोय, म्हणून सेक्रेटरीसाहेबांकडेही त्यांची पावती मागितली. दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्याकडे पावतीच नाही. त्यांच्या चारही व्हीलचं काम फुकट झालं होतं.