विश्रामबागेतला साल्सा वर्ग आणि पुण्याच्या क्लबमधली एक रात्र

सांगलीत विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्यापासून जवळच, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साल्सा हे जोडीने करायचे लॅटिन अमेरिकन वळणाचे नृत्य शिकवले जाते. तिथल्या दोन महिन्यांच्या प्राथमिक वर्गाला मी आणि माझे यजमान एकही दिवस न चुकवता गेलो. वर्ग संपल्यावर त्याच शिक्षकांनी नेलेल्या गटाबरोबर पुण्याला कोरेगाव पार्कातल्या एका नाइट क्लबच्या साल्सा रात्रीलाही जाऊन आलो. वर्गात काय मिळाले आणि काय राहिले हे त्या रात्री नेमके कळले, म्हणून दोन्हींविषयी एकत्रच लिहिते.

आमच्या वर्गात अठरा जण होते. मिरजेचे वैद्यकीय विद्यार्थी, मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी, बँकेत काम करणाऱ्या दोन मैत्रिणी आणि आमच्यासारखी पंचेचाळिशी ओलांडलेली तीन जोडपी. पहिल्या दिवशी शिक्षकांनी एकही पाऊल शिकवले नाही. त्यांनी नवरात्रातल्या दोन टिपऱ्या हातात घेतल्या आणि क्लावे वाजवून दाखवला. आठ मात्रांत पाच टोले, आधी तीन आणि मग दोन, हा मूळचा क्युबातला ठेका साल्साच्या सगळ्या वाद्यमेळाला बांधून ठेवतो. तो तासभर आम्हाला फक्त टाळ्यांवर धरायला लावला. पुढे पाऊल आले तेही आठाच्या हिशेबात : एक, दोन, तीन चालायचे आणि चारला थांबायचे, पाच, सहा, सात चालायचे आणि आठला थांबायचे. यजमान गल्लीतल्या भजनी मंडळात तबला वाजवतात, त्यामुळे आठ मात्रांचे आवर्तन त्यांच्या अंगात मुरलेले आहे आणि ते दुसऱ्याच दिवशी समेवर येऊ लागले. मला मात्र चौथ्या मात्रेवर थांबणे जमायला तीन आठवडे लागले. पाय थांबत नसे, आणि तो थांबला नाही की पुढची सगळी चाल वाकडी होई. शिक्षक अशा वेळी गाणे बंद करीत, समोर उभे राहून पुन्हा टिपऱ्या वाजवीत आणि माझा पाय मोकळ्या मात्रेवर थांबेपर्यंत पुढे जात नसत. ही चिकाटी मी आमच्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही नृत्यवर्गात पाहिलेली नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. जोडीने नाचायला कसे विचारायचे आणि नको असेल तर कसे सांगायचे, याला त्यांनी अख्खा एक तास दिला. हात पुढे करायचा, उत्तराची वाट पाहायची, "नको" हा शब्द आला की हसून मागे व्हायचे आणि कारण विचारायचे नाही. दर दोन गाण्यांनी जोडीदार बदलायचा, पण ज्या जोडप्यांना बदलायचे नसेल त्यांना कोणी आग्रह करीत नसे. आमच्या गावात स्त्री-पुरुषांनी हात धरून नाचणे अजून सहज झालेले नाही आणि पहिल्या आठवड्यात आम्ही सगळेच आखडलेले होतो. तो संकोच गेला, आणि कोणाचाही मान न दुखावता गेला, याचे श्रेय निःसंशय शिक्षकांचे आहे.

वर्गाचा मोठा दोष म्हणजे सभागृहाची फरशी. ती गुळगुळीत असली तरी तिच्याखाली थेट सिमेंट आहे, त्यामुळे तासाभराने गुडघे आणि पोटऱ्या दुखू लागतात. लाकडी जमीन पावलाला थोडी दाद देते, फरशी मुळीच देत नाही. त्यात रबरी तळव्याचे खेळाचे बूट घातले, तर वळताना पाऊल फरशीला चिकटते, अंग फिरते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. ही सूचना पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती, ती तिसऱ्या आठवड्यात मिळाली आणि तोवर बँकेतल्या एका मैत्रिणीचा गुडघा सुजला होता. मी शेवटी जुने पट्ट्याचे सँडल एसटी स्टँडजवळच्या चर्मकाराकडे नेले आणि रबर काढून खाली मऊ, लव असलेले कातडे चिकटवून घेतले. दीडशे रुपयांच्या त्या कामाने माझे वळणे एका दिवसात सुधारले. वर्गाला जाणाऱ्याने हे काम पहिल्याच आठवड्यात उरकून घ्यावे.

आता पुण्याविषयी. साल्सा हे क्लबमध्येच वाढलेले नृत्य आहे, हे शिक्षक वारंवार सांगत. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये 1950 च्या दशकात माचितो आणि तितो पुएंते यांच्या वाद्यवृंदांवर मांबो हे मूळचे क्युबातले नृत्य नाचले जाई आणि काळे, गोरे, लॅटिन, ज्यू असे सगळे एकाच जमिनीवर उतरत. ते सभागृह 1966 मध्ये बंद झाले, पण त्या मांबोतूनच पुढचा साल्सा घडला. हे ऐकलेले असल्यामुळे क्लबच्या दारात पाऊल टाकताना मनात धाकधूक कमी आणि उत्सुकता जास्त होती. दारातला अनुभव मात्र वाईट आला. आमच्या गटातल्या दोन विद्यार्थ्यांना, फोनवर आधी होकार मिळालेला असूनही, सोबत मुलगी नाही म्हणून अडवून ठेवले. शिक्षकांनी अर्धा तास घासाघीस केल्यावर त्यांना आत घेतले, तेही जोडप्याएवढीच रक्कम एकेकट्याकडून वसूल करून. अडीचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेल्या मुलांना असे वागवणे मला मुळीच पटले नाही.

आतली जमीन लाकडी होती आणि पहिल्याच वळणाला तिचा फरक जाणवला. नऊ ते अकरा या वेळेत साल्सा आणि बचाता (डोमिनिकन प्रजासत्ताकातले जोडीनृत्य) यांची गाणी आलटून पालटून वाजत होती. जागा भरपूर होती आणि नाचणारे एकमेकांना सांभाळून नाचत होते. साठीच्या एका अनोळखी गृहस्थांनी हात पुढे केला, मी यजमानांकडे पाहिले, त्यांनी मान हलवली आणि मी उतरले. त्या गृहस्थांच्या उजव्या हाताचा माझ्या पाठीवरचा दाब इतका स्पष्ट आणि इतका हलका होता, की पुढचे पाऊल कोणते हे मला विचारावेच लागले नाही. चौथी मात्रा आली की ते थांबत आणि मीही थांबे. गाणे संपल्यावर त्यांनी नमस्कार केला आणि ते आपल्या टेबलाकडे गेले. विश्रामबागेतल्या दोन महिन्यांची मेहनत त्या चार-साडेचार मिनिटांत वसूल झाली.

अकरानंतर चित्र पालटले. डीजेने हाउस हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत आणि हिंदी गाण्यांची मिश्रणे लावली, मधल्या जागेत गर्दी दाटली आणि जोडीने वळायला हातभर जागाही उरली नाही. आवाजही वाढला. मोबाइलवरच्या मापकात स्पीकरजवळ आकडा 104 डेसिबलपर्यंत गेला. फोनचे मापन अगदी अचूक नसते हे मान्य, पण जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवलेली आहे आणि माझ्या कानांत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिटी वाजत होती. ज्यांना जोडीने नाचायचे आहे त्यांनी नऊच्या आधी पोहोचावे, स्पीकरपासून दूर जागा धरावी, कापसाऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे कानातले बोळे सोबत न्यावेत आणि अकराला निघावे.

दोन महिन्यांचे शुल्क माणशी तीन हजार रुपये होते आणि शिकवण्याच्या मानाने ते मला कमीच वाटते. जमिनीवर निदान प्लायवूड तरी अंथरावे, असे आम्ही सगळ्यांनी सह्या करून शिक्षकांना लेखी दिले आहे. पुढच्या वर्गासाठी आम्ही दोघांनी नाव नोंदवले असून, पुण्याची पुढची फेरी ठरली की दारातल्या प्रवेशाची खात्री क्लबकडून लेखी घेण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे.