पिवळ्या दिव्यासाठी सहा पिनी स्कॅनर: कोकणातल्या पावसात घ्यावा का?

बाईक नवी कोरी, पहिली सर्व्हिसही बाकी, आणि मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागून राहिलेला. घर विजयदुर्गला, शोरूम कणकवलीला. एवढ्यासाठी खेप मारायची का, हे ठरवायला ऑनलाइन मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (बाईकच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) कामाचा आहे. पाचांपैकी साडेतीन गुण. तो कोड वाचतो, बिघाड काढत नाही. हे डोक्यात ठेवून घेतला तर पैसे वसूल.

घेतानाच लोक फसतात. ईएलएम३२७ नावाने विकला जाणारा हा स्कॅनर (डोंगल) सोळा पिनांचा, म्हणजे चारचाकीचा. नव्या बाईकना बहुतेक करून सहा पिनांचं सॉकेट असतं, त्यामुळे सहा-ते-सोळा पिनांची जोडकेबल वेगळी लागते. २०२०च्या सुरुवातीच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत काही कंपन्यांनी स्वतःचंच सॉकेट दिलंय. तेव्हा आधी सीट काढा, बॅटरीजवळचं रबरी टोपणाचं सॉकेट डोळ्यांनी बघा, पिना मोजा, मगच ऑर्डर टाका. पाकिटावर व्हर्जन २.१ असेल तर नको. त्यातल्या बऱ्याच स्वस्त नकला के-लाइनवाल्या (एकाच तारेवरून माहिती पाठवणाऱ्या) बाईकशी बोलतच नाहीत. १.५ लिहिलेलाही खात्रीचा नाही, म्हणून परत घेणाऱ्याकडूनच घ्या. आयफोनला साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वायफायचा घ्यावा.

वापर सोपा. किल स्विच ‘रन’वर, चावी ऑन, इंजिन बंद. केबल, डोंगल, मग फोन जोडायचा. पेअरिंगचा कोड बहुधा १२३४ किंवा ००००. ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’ ॲपमध्ये बिघाडाचा कोड दिसला की आधी स्क्रीनशॉट. ‘क्लिअर’ दाबायचं नाही! वॉरंटीतल्या गाडीचा कोड पुसला की त्यासोबत बिघाडाच्या क्षणीची नोंदही जाते, आणि शोरूमवाला म्हणतो, ‘आम्हाला तर काहीच दिसत नाही.’ दोष खरंच गेला असेल तर दिवा साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप विझतो.

खरी मजा ॲपमधल्या लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सरच्या त्या क्षणीच्या आकड्यांत. सकाळी थंड इंजिनावर चावी ऑन करून इंजिनाचं तापमान बघा. पावसाळ्यात किनाऱ्यावर ते सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास यायला हवं. उणे ४० दाखवत असेल तर बाईक काश्मीरला गेलेली नाही, सेन्सरची जोडणी तुटलीय. कोड बहुधा पी०११८ येतो. आपल्याकडे सेन्सरइतकाच संशय कनेक्टरवर घ्यावा. खारी हवा, वॉशिंग सेंटरवर जवळून मारलेला प्रेशरचा पाइप, मागे बांधलेल्या मासळीच्या टपातून ठिबकणारं पाणी. तांब्याच्या पिनेवर हिरवी बुरशी (गंज) धरायला एवढं पुरतं. चावी बंद करून कनेक्टर खटका दाबून काढा, वायर ओढून नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या, रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. पिना वाकवू नका, वायर सोलू नका. वॉरंटी तिथेच संपते.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशीच बसवलेले फॉग लॅम्प. मूळ वायरिंग सोलून चिकटपट्टीने मारलेला जोड पहिल्या पावसात पाणी पितो. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. इंजिन चार हजार आरपीएमवर धरून १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. मग बॅटरीचे नट आणि हा जोड तपासा. नव्या गाडीत सैल नट बरेचदा सापडतो.

एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) दिव्यापुढे मात्र हा डोंगल मुका. दीड गुण तिथेच कापला. चावी ऑन केल्यावर तो दिवा लागणारच, गाडी थोडी पळाली की विझतो. नाही विझला तर चाकाजवळची दातेरी रिंग बघा: जांभ्याची लाल माती सेन्सर आणि रिंगमधल्या बारीक फटीत चिकटून बसते. नळाच्या साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा. मेन स्टँडवर मागचं चाक फिरवत ठेवल्यानेही हा दिवा लागू शकतो. चावी बंद-चालू करून गाडी चालवली की जातो.

ऑईलच्या कॅनचा लाल दिवा चालत्या गाडीवर लागला तर स्कॅनर शोधत बसू नका, इंजिन तिथेच बंद करा आणि ऑईलची पातळी बघा. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मॅन्युअल उघडा: काही गाड्यांत तो मिसफायर (इंजिनात इंधन नीट न पेटणं) सांगतो, काहींत लुकलुकण्याची संख्या हाच कोड असतो.

काम झालं की डोंगल काढाच. चावी बंद असतानाही तो बॅटरी पीत राहतो आणि बाईकची बॅटरी असते केवढीशी. सॉकेटचं रबरी टोपण ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा, नाहीतर पुढच्या पावसात हिरवी बुरशी त्याच सॉकेटात सापडेल.