पाव मैलासाठी आरएक्स १३५: ताकद निघते, पण आधी क्रँक सांभाळा

टू-स्ट्रोक ड्रॅग गाडी (सरळ पाव मैल कमीत कमी वेळात कापणारी) बांधायची म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव यामाहा आरएक्सचं निघतं, आणि ते योग्यच आहे. वजन शंभर किलोच्या आसपास, रीड व्हॉल्व्ह (आत गेलेलं मिश्रण परत येऊ न देणारी पात्यांची झडप), एकच एअर-कूल्ड सिलिंडर, आणि इंजिन उघडायला फार हत्यारं लागत नाहीत. आरएक्स १०० आणि १३५ या दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५० मिमी, पण १०० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि १३५ चा ५८. मोठ्या बोअरमध्ये पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायूची दारं) रुंद करायला जागा मिळते. म्हणून घ्यायची तर १३५, आणि तीही फाइव्ह-स्पीडच.

बहुतेक जण सुरुवात चेंबरपासून, म्हणजे फुगीर पोटाच्या एक्झॉस्ट पाइपपासून, करतात. आमच्या मते इथेच पैसे वाया जातात. कंपनीचं इंजिन ७,५०० आरपीएमच्या आसपास पूर्ण ताकद देतं, ड्रॅगसाठी ते १०,५०० पर्यंत न्यावं लागतं. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२.५ मीटरवरून १७.५ मीटरवर जातो आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण जवळजवळ दुप्पट होतो. हा क्रँक प्रेस-फिट, म्हणजे सुटे भाग दाबून बसवलेला आहे. क्लच एकदम पकडतो तेव्हा पिन वेबमध्ये (क्रँकच्या बाजूच्या चकतीत) सूतभर जरी फिरली, तरी क्रँक वाकडा चालू लागतो. मग आधी बेअरिंग जातात, पाठोपाठ ऑइल सील. त्यामुळे नवं रॉड-किट बसवल्यावर क्रँक डायल गेजवर लावून रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०३ मिमीच्या आत आणा, पिन दोन्ही बाजूंनी टिग वेल्डिंगने टाचून घ्या आणि पुन्हा गेज लावा. वेल्डिंगच्या उष्णतेनं क्रँक हलतोच, ही दुसरी तपासणी टाळू नका. दोन्ही सील नवीन टाका. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत ०.४ बार हवा भरा, पाच मिनिटं काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा, कारण मॅग्नेटच्या बाजूचा सील हवा ओढत असेल तर कुठलाही जेट (कार्ब्युरेटरमधलं इंधन मोजून सोडणारं भोक) तुमचा पिस्टन वाचवू शकत नाही.

पोर्टिंगमध्ये हे इंजिन मनापासून साथ देतं. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड १ मिमी वर नेली की एकूण ड्युरेशन (पोर्ट क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते) साधारण साडेचार अंशांनी वाढतं, म्हणून फाइल चालवण्याआधी डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) लावा. १९४ अंशांच्या आसपास थांबलेलं बरं. त्यापुढे खालची ताकद इतकी जाते की गाडी लाइनवरच बसते. रुंदी बोअरच्या ६५ टक्के, म्हणजे ३७-३८ मिमीपर्यंत निर्धास्त न्या. ७० टक्क्यांच्या पुढे रिंग पोर्टमध्ये फुगून अडकते. कडांना अर्ध्या मिमीचा चॅम्फर (तिरकी घासणी) हवाच. कड बोटानं चाचपा, नख अडकलं तर रिंगही अडकेल.

१९४ अंश आणि १०,५०० आरपीएम धरले, तर पिस्टनच्या तोंडापासून चेंबरच्या मागच्या निमुळत्या कोनच्या मध्यापर्यंतची लांबी सुमारे ८०० मिमी येते. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा तयार चेंबर आणून लावला तर पोर्ट एका आरपीएमवर आणि चेंबर दुसऱ्याच आरपीएमवर काम करतो.

हेड तासायला देताना नुसतं 'अर्धा मिमी काढ' असं सांगू नका. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला, क्रँक फिरवा आणि चेपलेलं टोक मायक्रोमीटरनं मोजा. पिस्टन आणि हेडमधली ही फट ०.८ ते १ मिमी पाहिजे. तार गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेतच दोन्ही बाजूंना मोजा, नाहीतर पिस्टन कलतो आणि आकडा फसवतो. हेडची जागा ब्युरेटनं मोजून ११ सीसी ठेवली तर पूर्ण स्ट्रोकवर कॉम्प्रेशन १३:१ येतं. एअर-कूल्ड ब्लॉकसाठी तेवढं पुरे. पिस्टनच्या काठावर वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर ते डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट. तेव्हा इग्निशन मागे घ्या (ठिणगी उशिरा पाडा) आणि प्लग एक नंबर थंड टाका.

फोर-स्पीड बॉक्सची गंमत रस्त्यावर ठीक. पण चेंबरची ताकद ८,००० च्या वरच जिवंत होते, आणि चार गिअरमधल्या मोठ्या अंतरामुळे प्रत्येक शिफ्टला आरपीएम त्या पट्ट्याच्या खाली घसरतो. क्लच स्प्रिंग कडक टाका, प्लेटा बसवण्याआधी रात्रभर तेलात भिजवा. किल स्विचची दोरी मनगटाला बांधलेली असावी.

सुट्या भागांची अडचण खरी आहे. कंपनीनं ही गाडी बनवणं कधीच बंद केलं, आणि बाजारात डुप्लिकेट बोअर-किटचा सुळसुळाट आहे. पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. कास्ट पिस्टनला दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.०५ मिमी क्लिअरन्स ठेवा. फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, त्याला जास्त द्या.

सगळ्यात जास्त इंजिनं जेटिंगमध्ये मरतात. ऑइल पंप काढून २५:१ प्रीमिक्स करा, म्हणजे २५ भाग पेट्रोलमध्ये १ भाग ऑइल आधीच मिसळा. त्यात आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, जुन्या पेट्रोलपेक्षा त्याला साधारण ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या नोंदीतला जेट डोळे झाकून बसवला तर मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) होणारच. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर. तिथे बरोबर सेट केलेली गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर नेली तर समुद्रसपाटीजवळची दाट हवा मिळते आणि तोच जेट लहान पडतो. एक साइज मोठा जेट बसवून पहिली धाव घ्या. फिनिश लाइनवर थ्रॉटल पूर्ण उघडा असतानाच किल स्विच दाबा, क्लच ओढा आणि गाडी नुसती लोळू द्या. मग प्लग काढून पोर्सिलीनच्या तळाशी, अगदी आतल्या रिंगवर, टॉर्च मारून बघा. तिथे फिकट तपकिरी कडी दिसली तरच जेट कमी करायचा विचार करा. पांढरं दिसलं तर आणखी मोठा जेट घाला.