उजनीच्या बॅकवॉटरवर वापरलेली सेकी तबकडी

पाण्याची पारदर्शकता मोजणारी ही तबकडी ऑनलाइन मागवून मी दिवाळीपासून जूनपर्यंत, दर पंधरवड्याला, उजनी धरणाच्या बॅकवॉटरवर, म्हणजे भिंतीमागे मागेपर्यंत साठलेल्या पाण्यात, भिगवणजवळ एका मच्छीमाराच्या होडीतून वापरली. २० सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची ही तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची, एवढेच काम आहे. इटलीतील धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ही पद्धत वापरली होती. तिला आजही ना वीज लागते, ना रसायन.

उजनीची बातमी नेहमी टक्क्यांत येते. सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या या धरणात निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे टक्केवारीत न मोजला जाणारा, धरला जातो, त्यामुळे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात तेव्हाही धरणात बरेच पाणी असते. मात्र ते कसे असते, हे टक्के सांगत नाहीत. तबकडीने ते काही अंशी दाखवले. कालवे, बोगदा आणि नदीतले आवर्तन (ठरलेल्या वेळी सोडलेले पाणी) यांमुळे पातळी उतरत गेली, तशी माझ्या जागेवर तबकडी लवकर दिसेनाशी होऊ लागली. बॅकवॉटर उथळ झाले की वाऱ्याच्या लाटा तळाच्या गाळापर्यंत पोहोचतात, आणि वरून येणारा प्रवाह उघड्या पडलेल्या गाळात नवी वाट कोरून तो धरणाच्या भिंतीच्या दिशेने पुढे ढकलतो. विमोचकातून (धरणातून पाणी बाहेर सोडण्याच्या दारातून) पाणी सोडले की गाळही वाहून जाईल, ही समजूत मात्र चुकीची आहे, कारण विमोचकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते आणि त्याच्या तोंडापुढचा थोडाच गाळ निघतो.

तबकडीची मर्यादा येथेच लक्षात येते. गाळाने गढूळ झालेले पाणी आणि शेवाळाने हिरवे झालेले पाणी तिला सारखेच, म्हणून खोलीसोबत रंगही लिहावा लागतो. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे उबदार पाणी खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहते, तळाशी प्राणवायू संपतो, आणि गाळातले लोह, मँगनीज व फॉस्फरस पाण्यात उतरतात. पाणी कोणत्या थरातून उचलले यावर शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राचे काम किती वाढेल हे अवलंबून असते, पण त्याबद्दल ही तबकडी काहीच सांगू शकत नाही. त्यासाठी प्राणवायू मोजणारे वेगळे उपकरणच हवे.

बनावटीबद्दल माझी तक्रार दोरीची आहे. भिजल्यावर ती ताणली जाते आणि अंतराच्या खुणा खोट्या ठरतात, त्यामुळे आधीच्या दोन नोंदी मला रद्द कराव्या लागल्या. वजनही हलके आहे. वाऱ्यात तबकडी तिरकी जाते. रंग मात्र टिकला. मी न ताणणारी दोरी लावली, खाली शिशाचे वजन जोडले, आणि आता मोजमाप दुपारच्या सुमारास, होडीच्या सावलीच्या बाजूने घेतो.