गाडी थरथरली आणि १४,८५० रुपयांची टोपी बसली

बाइकवाला शेजारून जाताना हात करतो, "चाक हलतंय, चाक!" म्हणून ओरडतो आणि अर्ध्या किलोमीटरवर टायरवाला जॅक घेऊन उभाच असतो. हा धंदा महामार्गावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्हालाही होता. पण आमच्या बाजूने एक सांगायलाच हवं: गाडी खरोखर थरथरत होती. काटा ८५ च्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात झिणझिणायचं, ७० वर आला की शांत. दुखणं खरं असलं की भोंदू वैद्यही पटतो.

म्हणून थांबलो. बिल असं: शॉकअब्सॉर्बर दोन, ३,४०० प्रमाणे ६,८००. लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) दोन, १,९५० प्रमाणे ३,९००. बॉल जॉइंट (त्या आर्मच्या टोकाचा फिरता सांधा) दोन, ६५० प्रमाणे १,३००. मजुरी २,२००. अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं) ६५०. एकूण १४,८५० रुपये. कागद कच्चा, त्यावर ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर. क्यूआर कोड कुणा भलत्याच माणसाच्या नावाचा.

आता या बिलाकडे नीट बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत लोअर आर्म नवा घेतला की बॉल जॉइंट त्याच्यातच बसवलेला येतो. या गाडीतही तसाच. मग १,३०० कशाचे? अलाइनमेंटचं मशीनच तिथे नव्हतं, तरी ६५० रुपये. आणि दोन शॉकअब्सॉर्बर, दोन आर्म हे काम पाऊण तासात? सगळी हत्यारं हाताशी असली तरी अर्धा दिवस जातो. गाडी नंतर रॅम्पवर चढवली तेव्हा आर्मच्या बोल्टवरचा गंज जसाच्या तसा, पाना लागल्याची एक खूण नाही. शॉकअब्सॉर्बर जुनेच, वरून काळा रंग मारलेले.

मग स्टिअरिंग शांत कसं झालं? इथेच खरी मेख आहे. त्यांनी पुढची चाकं मागे टाकली आणि मागची पुढे. चाकाचा तोल पुढे बिघडला असेल तर थरथर स्टिअरिंगला जाणवते, मागे असेल तर सीटला आणि पायाखालच्या पत्र्याला. ट्रायल मारताना स्टिअरिंग गप्प, म्हणून पैसे दिले. पुढे शंभर किलोमीटर सीट थरथरत होती ती वेगळीच. मूळ दोष काय, तर डाव्या चाकाच्या रिमवरचं, तोल राखणारं शिशाचं वजन गळून पडलेलं. बॅलन्सिंग मशीनवर ४५ ग्रॅमचा फरक निघाला. चारही चाकांच्या बॅलन्सिंगला ६०० रुपये लागले.

राग सगळ्यात जास्त येतो तो जॅकवर दाखवलेल्या नाटकाचा. पुढची दोन्ही चाकं उचललेली, पोरगा टायर डाव्या-उजव्या बाजूने धरून गदागदा हलवतोय, "बघा साहेब, केवढा प्ले!" आणि आत, उघड्या दारातून, स्टिअरिंग त्याच तालावर डुलताना दिसत होतं. म्हणजे तो प्ले, सांध्यातली ढिलाई, नव्हताच, नुसतं स्टिअरिंग फिरत होतं! हे डोळ्यांसमोर घडत होतं. एकाने आत स्टिअरिंग घट्ट धरायचं, मग दुसऱ्याने टायर हलवायचा. तरीही खटखट झाली तर टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी, संशयित. टायर वर-खाली धरून हलवल्यावर खेळत असेल तर ब्रेक दाबून परत बघायचं. हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर बॉल जॉइंट. एवढ्याला दोन मिनिटं पुरतात.

दुसरी खूण तेलाची. "शॉकअप लीक आहे" म्हणून दाखवलं ते तेल चकचकीत आणि स्वच्छ होतं. खऱ्या गळतीवर महिनोन्महिने धूळ बसून काळं कीट तयार झालेलं असतं. ताजं तेल कुणीतरी आत्ताच फासलेलं असतं, बहुतेक तुम्ही चहाला गेलात तेव्हा.

थरथर कधी होते यावरून निम्मं निदान घरीच होतं. ठरावीक वेगातच असेल तर बॅलन्सिंग. पावसाळ्यात रिमच्या आत चिखल वाळून बसला तरी हेच होतं, आधी पाण्याचा फवारा मारून बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर असेल तर ब्रेकची डिस्क. किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून दाखवायला सांगा. ॲक्सिलरेटर दिल्यावर असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट. उभ्या गाडीत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) किंवा मिसफायर (इंधन नीट न पेटणं). इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे रेटू नका, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल.

दोन गोष्टींत मात्र घासाघीस नाही. कमी वेगातही गाडी हेलकावत असेल तर टायरला कुठे फुगा आलाय का बघा. आणि ठकठक करत थरथर वाढत असेल तर चाकाचे नट ढिले आहेत असं धरून लगेच कडेला थांबा. करकचून ब्रेक मारू नका. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ॲक्सिलरेटरवरून हळूहळू काढा, डावा इंडिकेटर देऊन कडेला या. थांबल्यावर चारही इंडिकेटर, मागे त्रिकोण, माणसं गार्डरेलच्या पलीकडे. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, शेवटचा ताण गाडी खाली उतरवून द्या. बहुतेक छोट्या गाड्यांना आवळण्याचा जोर साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. ५० ते १०० किलोमीटरनंतर परत तपासा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. ठकठक नसेल तर हात करणाऱ्या बाइकवाल्याला धन्यवाद म्हणून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत सावकाश जा, त्याच्या दुकानात नाही.

पोलिसांचं काय विचारता! पहिल्या चौकीत "हद्द आमची नाही." दुसरीत "हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते, हे आम्ही चौकीत त्यांना सांगायचं? हवालदाराने उलट विचारलं, "गाडी आता चालते ना?" चालते म्हटल्यावर त्याने वही मिटली. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. बरोबरच आहे म्हणा, पण कुणाच्या खात्यात गेले ते तरी सांगा! त्याला पोलिसांचं पत्र लागतं, आणि पत्र देणाऱ्याची वही मिटलेली.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या कायद्यात अनुचित प्रथा आहे. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि ताडपत्रीखाली थाटलेल्या दुकानाला पत्ता कसला? म्हणून काम सुरू होण्याआधीच दुकानाचा, क्यूआर कोडचा आणि समोरच्या किलोमीटरच्या दगडाचा फोटो काढा. जुने पार्ट डिकीत ठेवून घ्या. "भंगारात टाकले" म्हणाला तर पार्ट बदललेलेच नाहीत असं समजून, पैसे देण्याआधी गाडी तिथल्या तिथे परत जॅकवर चढवायला लावा.