रेझ्युमे बिल्डर, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: माझ्या 'ॲफिनिटी'ची 'ॲनिटी' करणारं ॲप

वर्षभराचं सबस्क्रिप्शन एकदम भरलं होतं, त्यामुळे पैसे वसूल होईपर्यंत सोडायचं नाही असं ठरवून वापरत राहिले. टेम्प्लेट, रेझ्युमेला मिळणारा स्कोअर, नोकरीच्या जाहिरातीशी तुलना, एआयच्या सूचना हे सगळं त्यांच्या साइटवर लिहिलेलं आहेच, ते परत सांगत नाही. प्रोटीन बायोकेमिस्ट्रीत पीएचडी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करून आता मी बायोटेक कंपन्यांकडे अर्ज करतेय. हा अनुभव त्या बाजूने वाचा.

आधी भांडणाचा मुद्दा. एका कंपनीच्या पोर्टलवर रेझ्युमेची पीडीएफ टाकली. हल्ली फॉर्म आपोआप भरला जातो, तसा तो भरला गेला, आणि कौशल्यांच्या रकान्यात आलं 'प्रोटीन प्युरिकेशन'. खाली 'ॲनिटी क्रोमॅटोग्राफी'. त्याखाली 'क्वांटिकेशन'. प्युरिफिकेशन (शुद्धीकरण), ॲफिनिटी (शुद्धीकरणाच्या एका पद्धतीचं नाव), क्वांटिफिकेशन (प्रमाण मोजणं) या तिन्हींच्या पोटातली इंग्रजी अक्षरं गायब. पीडीएफ उघडून डोळ्यांनी पाहिली तर सगळं झकास. तोच मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की तीच दैना.

कारण साधं आहे. काही फॉन्टमध्ये 'एफ' आणि 'आय' जोडून एकच आकृती छापली जाते. पीडीएफमध्ये ती आकृती जाते, पण ती मुळात कुठली अक्षरं हे सांगणारी नोंद बरोबर गेली नाही, की मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला तिथे भोक दिसतं. ज्यांनी लाटेक्समध्ये (संशोधक लिखाणासाठी वापरतात ते सॉफ्टवेअर) थीसिस लिहिलाय त्यांना हा आजार ओळखीचा असेल, तिथे दोन ओळी टाकल्या की बराही होतो. इथे पैसे मोजून घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये माझ्या हातात काहीच नाही. आणि प्रथिनं शुद्ध करणाऱ्या बाईच्या रेझ्युमेत 'प्युरिफिकेशन' हाच शब्द नसेल, तर रिक्रूटरने त्या शब्दाने शोधल्यावर मी सापडणार कशी?

सपोर्टला लिहिलं. उत्तर: ब्राउझरचा कॅशे क्लिअर करा. मग: दुसऱ्या ब्राउझरमधून डाउनलोड करा. मी नोटपॅडचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर कळस: 'आमच्याकडे तुमचा स्कोअर उत्तम दिसतोय.' दिसणारच! मी मुद्दाम तपासलं. जाहिरातीतला 'प्युरिफिकेशन' फॉर्ममध्ये लिहिला की स्कोअर वर, खोडला की खाली. म्हणजे मार्क मिळतात ते मी त्यांच्या फॉर्ममध्ये टाइप केलेल्या मजकुराला. कंपनीकडे जाते ती पीडीएफ, आणि ती कुणी तपासतच नाही. आकडा हिरवा करण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या त्या याच्यासाठी.

दोन कॉलमच्या देखण्या टेम्प्लेटबद्दल वेगळं लिहीत नाही. तिथे सॉफ्टवेअर मजकूर वाचताना डावीकडची कौशल्यं आणि उजवीकडच्या नोकरीच्या तारखा एकाच ओळीत मिसळतात. एचपीएलसीपुढे (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं तंत्र) पाचपैकी चार ठिपके रंगवण्याची सोयही आहे. चार ठिपके म्हणजे नेमकं काय येतं, हे रंगवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

अपडेट: इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, मधल्या काळात मत थोडं बदललंय. साध्या एका कॉलमच्या टेम्प्लेटवर आले (फॉन्ट वेगळा, अक्षरं शाबूत) आणि जाहिरातीशी तुलना करणारा भाग मन लावून वापरला. हा भाग खरंच चांगला आहे. डावीकडे जाहिरात, उजवीकडे आपल्या ओळी, आणि जुळत नाही ते पिवळं. माझी एक ओळ होती, 'अमुक प्रथिनाच्या रचनेचा आणि कार्याचा अभ्यास'. अख्खी पिवळी. जाहिरातीत मागितलं होतं प्युरिफिकेशनची प्रक्रिया बसवणं, एसओपी (काम कसं करायचं याची ठरलेली लेखी पद्धत) लिहिणं, टीमला शिकवणं. यातलं सगळं मी लॅबमध्ये केलेलं होतं, लिहिलं कुठेच नव्हतं, कारण संशोधनाच्या पेपरमध्ये ते 'मटेरिअल्स अँड मेथड्स'च्या बारीक टायपात जातं. आता ओळ अशी आहे: 'हिस-टॅग प्रथिनांसाठी निकेल कॉलम आणि साइझ एक्स्क्लुजन अशी दोन टप्प्यांची प्रक्रिया बसवली, एसओपी लिहिली, नव्या विद्यार्थ्यांना शिकवली.' प्रथिनाचं नाव गेलं. ते वाचून फक्त माझ्या गाइडना आनंद झाला असता.

पेपरांची यादीही अशीच गेली. दोन महत्त्वाचे पेपर ठेवले, बाकीच्यांसाठी ऑर्किडची (ORCID, संशोधकांची ऑनलाइन ओळख) लिंक. एच-इंडेक्स (पेपरांचे किती संदर्भ दिले गेले यावरून काढलेला आकडा) रेझ्युमेतून काढून टाकला. ॲपचा 'ॲकॅडेमिक मोड' मात्र बंदच ठेवा. तो पोस्टडॉक शिक्षणाच्या रकान्यात टाकतो. अहो, पगार घेऊन, उपकरणं सांभाळून, ऑर्डरी देऊन केलेलं काम आहे ते, अनुभवातच जायला हवं. नाहीतर पीएचडीनंतरची सगळी वर्षं कोरी दिसतात.

एआयच्या सूचना जपून घ्या. जाहिरातीत 'जीएमपी' (औषधं बनवतानाचे दर्जाचे नियम) दिसलं की हे ॲप 'जीएमपी वातावरणातील अनुभव' अशी ओळ सुचवतं. आमच्यासारख्या संशोधन लॅबमध्ये जीएमपी नसतं. ती ओळ ठेवली असती तर मुलाखतीत बॅच रेकॉर्ड (प्रत्येक बॅचच्या उत्पादनाची नोंद) आणि डेव्हिएशनच्या (ठरलेल्या पद्धतीपासून झालेला फरक) पहिल्याच प्रश्नाला मी उताणी पडले असते. ॲसे व्हॅलिडेशनचं (चाचणीची पद्धत भरवशाची आहे हे तपासून दाखवण्याचं) वेगळं. लिनिॲरिटी, प्रिसिजन, डिटेक्शन लिमिट मी स्वतः काढलेत, तर तेवढंच, त्याच नावांनी लिहिलं. आयसीएच या औषधांसाठी मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू-टू सूचनांमध्ये हेच निकष आहेत, त्यामुळे क्यूसीवाल्यांना (दर्जा तपासणाऱ्यांना) लगेच कळतं. मात्र 'क्यू-टूनुसार व्हॅलिडेशन' असं लिहिलं नाही, कारण ते तसं केलेलं नव्हतं.

हे बदल केल्यापासून फोन यायला लागलेत, हे मान्य. श्रेय तुलनेच्या भागाला देते, स्कोअरला अजिबात नाही.

अजून एक अपडेट: त्यांनी जुन्या टेम्प्लेटची दुरुस्ती केली म्हणे. तपासलं. 'प्युरिफिकेशन' आता नीट येतं. 'ॲफिनिटी'त दोन 'एफ' आणि मग 'आय' असल्यामुळे की काय, तिची अजूनही 'ॲनिटी'च आहे. सपोर्टकडे परत तक्रार टाकलीय.

घ्यायचंच असेल तर एका महिन्याचं घ्या, तुलनेचा भाग पिळून काढा, मजकूर वर्ड फाइलमध्ये उतरवून घ्या आणि त्याच दिवशी ऑटो-रिन्यूअल बंद करा. ते बटण 'बिलिंग'मध्ये शोधू नका, तिथे नाही. 'प्रोफाइल'मध्ये जा, 'प्लॅन बदला' दाबा, अगदी तळाशी फिकट राखाडी अक्षरांत आहे.