टायफॉइडची टीसीव्ही लस: लेकीला दिली, स्वतःही घेतली, माझा अनुभव

आमच्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणी विचारतात की ही टायफॉइडची लस खरंच गरजेची आहे का, डॉक्टर लिहून देतात पण सरकारी केंद्रावर तर मिळत नाही, मग एवढे पैसे कशाला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला टायफॉइडने मला तीन आठवडे झोपवलं होतं त्यामुळे ह्या विषयात माझा जीव अडकलाय.

तेव्हा मी पुण्यात हॉस्टेलला. रोज संध्याकाळ झाली की ताप चढायचा, कालच्यापेक्षा आज थोडा जास्त, जिभेवर पांढरा थर, आणि पोटात अन्न ठरेना. एका क्लिनिकमध्ये व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, मग विडाल टेस्ट, म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ताची एक जुनी तपासणी, केली ती निगेटिव्ह आली म्हणून टायफॉइड नाहीच असं ठरवून मोकळे झाले, आणि मी अजून सहा दिवस नुसत्या तापाच्या गोळ्यांवर. शेवटी बाबा घेऊन गेले घरी, तिथल्या डॉक्टरांनी ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघितला, तेव्हा तो सापडला. ही विडाल टेस्ट १८९६ सालची आहे बरं का, त्या काळी फार मोठा शोध होता तो, पण ती चुकते, दोन्ही बाजूंनी चुकते, आणि तरी आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी त्याच एका कागदावर निदान होतं. कुणाला चार-पाच दिवसांच्या वर ताप असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी कल्चरचं विचारा, प्लीज.

मला सलाईनमधून सेफ्ट्रियाक्सोन नावाचं अँटिबायोटिक दिलं आणि पाचव्या दिवशी ताप उतरला. पुढचे दोन महिने केस मात्र असे गळले की आई फणी लपवून ठेवायची. आजी उशाशी बसून म्हणायची, मुदतीचा ताप गं हा, आपली मुदत संपल्याशिवाय जात नाही. तेव्हा मला ती जुनी समजूत वाटायची, नंतर वाचलं तेव्हा कळलं की आजीच्या लहानपणी खरंच तसंच होतं, १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं त्याच्या आधी ह्या तापावर औषधच नव्हतं, पेज पाजायची, कपाळावर घड्या ठेवायच्या आणि दिवस मोजायचे. शंभरातली दहा ते वीस माणसं जायची.

आता लसीबद्दल. नाव टायफॉइड कॉन्ज्युगेट व्हॅक्सिन, सगळे टीसीव्ही म्हणतात. बऱ्याच कंपन्यांच्या मिळतात, जागतिक आरोग्य संघटनेची पहिली मान्यता मिळाली ती हैदराबादच्या भारत बायोटेकच्या लसीला, आणि त्याचं मला खरंच कौतुक वाटतं कारण ज्या देशात हा रोग घरोघरी आहे तिथेच त्याची लस तयार झाली. एकच डोस, अर्धा मिली. जुन्या लसीत जंतूच्या अंगावरचं नुसतं साखरेसारखं कवच असायचं, दोन वर्षांच्या आतल्या बाळांचं शरीर त्याला नीट दादच देत नाही. ह्या लसीत तेच कवच धनुर्वाताच्या लसीतल्या प्रथिनाला जोडलेलं असतं, त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाचं शरीरसुद्धा ते ओळखतं आणि लक्षात ठेवतं.

लेकीला दहाव्या महिन्यात दिली. मांडीत टोचली, दोन मिनिटं रडली, रात्री अंग जरा कोमट होतं, सकाळी परत रांगायला लागली. मी दंडात घेतली, एक दिवस हात जड वाटला, बाकी काही नाही. किंमत दोन हजारांच्या आसपास, हाच एक मोठा मायनस, त्याबद्दल खाली लिहिते.

ह्या लसीची पणजी कशी होती ते वाचलं की आत्ताच्या लसीची किंमत वेगळीच वाटायला लागते. १८९६ मध्ये इंग्लंडात आल्मरॉथ राईट यांनी मारलेल्या जंतूंची लस काढली, त्याच वर्षी जर्मनीत फायफर आणि कोले यांनीपण. राईटना कल्पना सुचली ती हाफकीन यांच्या कॉलऱ्याच्या लसीवरून. हो, आपल्या परळच्या हाफकीन इन्स्टिट्यूटचे हाफकीन, ज्यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. ह्या दोन गोष्टींत फक्त दोन महिन्यांचं अंतर आहे, ते लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं काही वाचलंच नाही.

तर राईटची लस. ती घेतली की माणूस एक-दोन दिवस तापाने फणफणायचा, हात सुजायचा, म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी ब्रिटिश सैन्यात ती ऐच्छिक ठेवली आणि फार थोड्या सैनिकांनी घेतली. त्या युद्धात, १८९९ ते १९०२, ब्रिटिशांचे ८ हजारांच्या आसपास सैनिक टायफॉइडने मेले, शत्रूच्या गोळ्यांनी मेले त्याहून जास्त. घाण पाणी आणि छावणीतले संडास, बस. माझ्या हाताला एक दिवस जडपणा आला तेव्हा मला तीच पोरं आठवली.

आणि मेरी मॅलन. हिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आयर्लंडहून न्यूयॉर्कला आलेली स्वयंपाकीण, हाताला चव असणार म्हणूनच मोठ्या घरांत कामं मिळायची. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे इथल्या एका घरात अकरापैकी सहा जण टायफॉइडने आजारी पडले, जॉर्ज सोपर नावाच्या इंजिनियरने माग काढत काढत तिला गाठलं. ती स्वतः ठणठणीत, कधी आजारी पडल्याचं तिला आठवतही नव्हतं, पण जंतू पोटात, बहुतेक पित्ताशयात मुक्कामाला. तिला नॉर्थ ब्रदर बेटावर नेऊन ठेवलं. १९१० मध्ये सोडलं ते परत स्वयंपाक करायचा नाही ह्या अटीवर, पण कपडे धुण्याच्या कामात पोट भरेना म्हणून नाव बदलून ती पुन्हा चुलीपुढे उभी राहिली, तेही एका बाळंतिणींच्या हॉस्पिटलात, तिथे २५ जणांना लागण झाली आणि दोन जण गेले. १९१५ ला परत बेटावर, ते १९३८ मध्ये मरेपर्यंत. सगळी मिळून २६ वर्षं. तिच्यासारखे शेकडो वाहक पुढे त्याच शहरात सापडले, पण इतकं कोणालाच डांबलं नाही. तिची चूक होतीच, दोन जीव गेले, पण गरीब, एकटी, परक्या देशातली बाई नसती तर तिला असं ठेवलं असतं का, मला नाही वाटत. मला कोणाच्या हातून लागण झाली असेल, मेसमधल्या, पाणीपुरीवाल्याच्या, की नुसत्या टाकीच्या पाण्यातून, ते कधीच कळणार नाही, आणि ज्याच्या हातून झाली त्यालाही माहीत नसेल.

आता लसीच्या मर्यादा, कारण काही जणी घेतली म्हणजे झालं असं समजतात. नेपाळमध्ये वीस हजारांवर मुलांवर जी चाचणी झाली त्यात ८१.६ टक्के संरक्षण दिसलं, म्हणजे उरलेली शक्यता आहेच. पॅराटायफॉइडला, म्हणजे टायफॉइडसारख्याच पण वेगळ्या जंतूच्या तापाला, ही चालत नाही. कावीळ, कॉलरा, जुलाब ह्यांच्याशी तिचा संबंध नाही. पाणी उकळणं आमच्याकडे अजून चालूच आहे.

तरी मी घ्या म्हणते, त्याचं मोठं कारण म्हणजे औषधं हातची चाललीत. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, त्यांच्या हैदराबादेत, असा टायफॉइड पसरला की त्याला सेफ्ट्रियाक्सोनपण लागू पडत नाही. ज्या औषधाने मला वाचवलं तेच. तिथे मग २०१९ मध्ये हीच लस सरकारने नियमित लसीकरणात घेतली.

आणि इथेच माझा एक स्टार कमी होतो, लसीसाठी नाही, ती मिळण्यासाठी. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या लाखाहून जास्त मुलांना मोहीम काढून दिली, माझ्या मावसबहिणीच्या मुलाला फुकट मिळाली. आमच्या इथे मात्र खिशात दोन हजार असतील तर लस, आणि ज्या चाळीत दिवसाआड पाणी येतं, ड्रममध्ये भरून ठेवावं लागतं, तिथल्या पोरांना नाही. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची नात लेकीच्याच वयाची आहे. पाच स्टार लसीला, चार मिळण्याला. मावशींशी बोलून ठेवलंय, शनिवारी दहाला क्लिनिक उघडतं, पोरीचं लसीकरणाचं कार्ड तेवढं त्यांनी गावाहून मागवलंय.